आते, तो कागद मी अर्धाच वाचला होता

आते, तुझ्या मासळीच्या पाटीवर आपलं सगळं घर जगलं, हे मला सगळ्यात आधी लिहून ठेवायचं आहे. बाकीचं नंतर.

बाबा दुसऱ्याच्या होडीवर खलाशी होते. जाळ्याची दोरी पायात अडकून पडले आणि कमरेचं हाड मोडलं, तेव्हा मी तिसरीत होते. त्यानंतर ते चालले, पण होडीवर काही चढले नाहीत. आई कोळंबी सोलायला जायची, संध्याकाळी तिच्या बोटांची सालं गेलेली असायची. तू तर त्याच्या आधीच नवरा गेल्यावर माहेरी आलेली. तुला कोणी सांगितलं नव्हतं, पण बाबा पडले त्याच्या दुसऱ्या दिवशी तू आजीची जुनी पाटी काढलीस, किनाऱ्यावर ओढलेल्या रापणीच्या जाळ्यातून मासळी घेतलीस आणि पहिल्या एसटीने धामापूरच्या बाजूला गेलीस. पुढे चोवीस वर्षं जात राहिलीस. सकाळी पेज, दुपारी पेज आणि रात्री तुझ्या पाटीत उरलं असेल ते. नसेल उरलं तर पेजच. पण मला एकही दिवस शाळेतून घरी बसवलं नाहीस. आईने एकदा म्हटलं, चेडवाला, म्हणजे मला, कोळंबीला घेऊन जाते. तर तू तिच्याकडे असं बघितलंस की तिने तो विषय परत काढला नाही.

पावसाळ्यात समुद्र बंद. तेव्हा घर चालायचं ते खळ्यावर. नव्या माणसाला खळं म्हटलं की अंगण वाटेल, म्हणून सांगते. सुरूच्या झाडांच्या आड, किनाऱ्याच्या वरच्या अंगाला ती उघडी जागा होती. वाडीतल्या सगळ्या बायका तिथे मासळी सुकवायच्या. चैत्र-वैशाखात तू तिथे बांगडे, जवळ्यासारखा बारीक गोलमा आणि सुंगटं म्हणजे कोळंबी वाळवायचीस आणि आषाढ-श्रावणात तेच पाटीत घेऊन जायचीस. खळं कोणा एकीच्या नावावर नव्हतं. कोण कुठे पसरणार हे आज्यांपासून ठरलेलं. तुझी जागा पश्चिमेच्या कोपऱ्यात. तिथे वारा सगळ्यात आधी येतो, असं तू सांगायचीस आणि बाकीच्या बायका म्हणायच्या, हिच्या कोपऱ्यातलो वारो काय वेगळो इकत घेतललो आसा?

आपल्या घरात छापलेलं असं काही नसायचंच. माझी शाळेची पुस्तकं आणि मासळी बांधायची रद्दी, संपलं. ती रद्दी तू माझ्याकडून वाचून घ्यायचीस. पाटी धुवून उन्हात टाकायची, पाय पसरून पायरीवर बसायचं आणि म्हणायचं, "वाच गो." मी वाचायची. मला वाचायला फार आवडायचं, आणि खरं सांगायचं तर वाचते आहे हे दाखवायला त्याहून आवडायचं. घडाघड, कुठे न अडखळता. शेजारची माणसं कुंपणावरून मान काढून ऐकायची. माझं वाचून झालं की तू म्हणायचीस, "बरा वाचलंस. आता कागद उलटो कर आणि काय लिवलला तां माका सांग."

तिथे माझी पंचाईत व्हायची.

एकदा बांगड्याच्या पाण्याने अर्धा विरघळलेला तुकडा होता. कोणीतरी मोठा माणूस वारला, त्याच्या अंत्ययात्रेला किती गर्दी, काय काय. नाव वरच्या फाटलेल्या भागात गेलेलं. तू विचारलंस, "मेलो तो कोण?" मी क्षणभरही न थांबता म्हटलं, एक मंत्री. तू तुकडा हातात घेतलास, वाचता येत नसतानाही उलटसुलट करून बघितलास.

"कागदात नाय तां कित्या सांगतंस? फाटलो हा तर फाटलो हा म्हण."

"पण गर्दी होती आते, म्हणजे मंत्रीच असणार."

"गर्दी काय, भजनी बुवो मेलो तरी होता. नाय कळला तर नाय कळला म्हण. जीभ झडूची नाय."

मी रुसले. दोन दिवस तुला काही वाचून दाखवलं नाही. ज्या बाईला अ काढता येत नाही, ती मला वाचायचं कसं ते शिकवणार? हे तोंडाने बोलले नव्हते. पण तुला कळलं असणार. बांगडा ताजा आहे की नाही हे चकचकीत अंगावरून ठरवायचं नाही, कल्ले उघडून आत बघायचं, हे तूच शिकवलं होतंस. माझे कल्ले तू रोजच बघत होतीस.

मी बारावी झाले, मालवणला कॉलेजात गेले. आपल्या घरातलीच नव्हे, आपल्या वाडीतल्या मुलींमधली मी पहिली. याचा मला तेव्हा गर्व होता आणि आजही आहे, तो लपवायचं मला कारण दिसत नाही. वाडीत कोणाकडे कसलाही कागद आला की हाक यायची. रेशनचं पत्र, बँकेचा कागद, औषधाच्या डबीतला घडी घातलेला चिठोरा, सगळं माझ्याकडे. कोणी चहा द्यायचं, कोणी नुसतं "शिकलला चेडू" म्हणायचं. मला ते पुरायचं.

आणि मग ती नोटीस आली.

मी दुसऱ्या वर्षाला होते. ग्रामपंचायतीच्या शिपायाने देवळाच्या खांबाला ती चिकटवली आणि एक प्रत तुझ्या हातात ठेवून गेला, कारण तेव्हा समोर तूच होतीस. किनाऱ्याचा रस्ता रुंद करायचा आणि पर्यटकांच्या गाड्यांसाठी जागा करायची, असा विषय. दुपारी सगळी वाडी देवळाच्या सभामंडपात जमली. पुरुष एका बाजूला, बायका खांबांच्या मागे. मला मधोमध उभं केलं. नुकतीच जत्रा होऊन गेली होती, म्हणून माणसं अजून त्याच रंगात होती. आपल्याकडे देवाला गाऱ्हाणं घालताना एक जण बोलतो आणि प्रत्येक वाक्यामागे सगळे "व्हय म्हाराजा" म्हणतात, तशी मी पहिली ओळ वाचल्यावर मागून कोणीतरी थट्टेने "व्हय म्हाराजा" म्हटलं. हशा झाला. मग दुसऱ्या ओळीलाही म्हटलं. मला चेव चढला. मी आणखी खणखणीत वाचायला लागले.

पुढे सर्व्हे नंबरांची यादी होती. तिथे हसणं थांबलं.

"आमचो नंबर आसा काय बघ."

"आमच्या परसाचो पण बघ गो."

"खळा आसा काय त्यात?"

खळं होतं. पश्चिमेकडचा अर्धा भाग. मी तो नंबर वाचला आणि सभामंडपात एकदम गलका झाला. मी पान उलटलं. त्या पानावर यादीखाली आणखी एक परिच्छेद होता. माझे डोळे त्याच्यावरून फिरले, आते, हे मी तुला खरं सांगते. अक्षरं दिसली. पण तोवर माझ्या मनात जागा गेली होती, आणि गेलेल्या जागेबद्दल आणखी काय वाचायचं? कोणीतरी विचारलं, "म्हणजे काय झाला ता सांग." मी म्हटलं, सरकारने जागा घेतली. अर्धं खळं गेलं.

तू खांबाला टेकून उभी होतीस. तू म्हणालीस, "परत एकदा वाच गो. शेवटापर्यंत वाच."

सगळ्यांसमोर. मला वाटलं तू माझा अपमान केलास.

"आते, तुका काय कळता त्यातला? माका कॉलेजात शिकवतत."

बायकांमध्ये कोणीतरी हसलं. तू माझ्या हातातल्या कागदाची घडी करून पोलक्यात ठेवलीस आणि घरी आलीस. वाटेत माझ्या पुढे चालत होतीस आणि एकदाही मागे वळली नाहीस. रात्री नेहमीसारखी मला वाढलंस, माशाचा मधला तुकडा माझ्याच ताटात होता.

दिवाळीनंतर सरकारने कुंपण घातलं. तुझा कोपरा कुंपणाच्या आत गेला. तू पूर्वेच्या बाजूला, गंगूकाकी आणि सुमनवहिनी यांच्या मध्ये जागा करून घेतलीस. तिथे वारा कमी आणि माणसं जास्त. पुढच्या पावसाळ्यात पाटीत गोलमा अर्धाच होता, आणि दुसऱ्या दोघींनी तर सुकवणं सोडून हॉटेलात भांडी घासायला जायला सुरुवात केली. सगळ्या सरकारला शिव्या द्यायच्या. मीही द्यायची. मला त्या शिव्या चांगल्या देता यायच्या, शिकलेली होते ना.

त्याच वर्षी रेशनकार्ड शोधताना तुझ्या पत्र्याच्या डब्यात मला तो कागद सापडला. घरात कोणी नव्हतं. कोणी ऐकायला नव्हतं, म्हणून असेल, मी पहिल्यांदाच तो हळू वाचला. शेवटचा परिच्छेद वाचला. त्यात लिहिलं होतं की हा अजून बेत आहे. ज्यांची काही हरकत असेल त्यांनी तीस दिवसांत तालुक्याच्या ऑफिसात लेखी द्यावी, त्यांचं म्हणणं ऐकून घेतलं जाईल, त्यानंतरच पक्का निर्णय होईल. कागद बोलावत होता, आते. या आणि बोला, म्हणत होता. आणि मी सगळ्या वाडीला सांगितलं होतं की सगळं संपलं. ते तीस दिवस कधीच उलटून गेले होते. आपल्या वाडीतून एकही अर्ज गेला नव्हता.

तू पाटी घेऊन दारात आलीस. माझ्या हातात काहीतरी बघितलंस.

"काय वाचतंस गो?"

"काय नाय."

कागद जसा होता तसा डब्यात ठेवला. हे "काय नाय" मी तुझ्याशी बोललेलं सगळ्यात मोठं खोटं. ते मी चौदा वर्षं निभावलं.

आता मी मालवणात एका सेवा केंद्रात काम करते, हे तुला माहीतच आहे. दिवसभर माणसं कागद घेऊन येतात. तिथे बसल्यावर मला कळलं की मी एकटीच तशी नव्हते. माणूस कागदात आधी स्वतःला शोधतो. नाव सापडलं, नंबर सापडला की त्याचं वाचणं तिथेच थांबतं, पुढचं त्याची भीती वाचते किंवा त्याची आशा वाचते. अर्जात एक दाखला कमी आहे, तो जोडून द्या असं पत्र येतं, आणि म्हातारा बाप अर्ज नाकारला म्हणून चार महिने घरी बसतो. त्याचा मुलगा पदवीधर असतो. त्यानेच वाचून दाखवलेलं असतं. मोबाईलवर वादळाचा इशारा येतो, होड्या ओढून वर घेतात, आणि दुसऱ्या दिवशी कळतं की तो जुन्या वर्षीचा आहे. तारीख तिथेच होती. चाळीस जणांनी पुढे पाठवला, वाचला एकानेही नाही. शिकलेला माणूस तर जास्त धोक्याचा. न शिकलेला निदान विचारतो. शिकलेल्याला "मला हे कळलं नाही" म्हणायची लाज वाटते, मग तो कळल्यासारखं जोरात वाचतो, आणि ऐकणारे त्याच्या जोरावर विश्वास ठेवतात. अक्षर ओळखणं आणि अर्थ लागणं या दोन गोष्टी आहेत. पंधरा वर्षांच्या शिक्षणात मला हे कोणी सांगितलं नाही. तू पायरीवर बसून सांगत होतीस, तर मी ऐकलं नाही.

वाडीतल्या बायकांना आठवड्यातून एकदा देवळात बसवून वाचायला लावायचं मी सुरू केलं, ते लोकांना समाजसेवा वाटलं. एकदोघांनी तसा सत्कारही करायचं ठरवलं होतं. मी नको म्हटलं तर म्हणाले, केवढा विनय. विनय कसला? मी माझं फेडत होते. सुमनवहिनी चौथीत शाळा सोडलेली, तिला अक्षरं लावता यायची पण दोन ओळींनंतर पहिली विसरायची. गंगूकाकी तर म्हणायची, "माका शिकवन काय करतंस, माज्या चितेर काय पाटी-पेन्शील ठेवतलंस?" तूही यायचीस. शिकायला नव्हे. "माजे डोळे मासळीक दिले," म्हणायचीस आणि मागे बसायचीस. पण एखादीने परिच्छेद वाचून संपवला की मागून तुझा आवाज यायचा, "आता सांग बघया, तुज्या तोंडान." आणि एखादी काहीतरी रचून सांगायला लागली की, "ह्या त्या कागदात आसा काय?" बायका तुला घाबरायच्या. मला कोणी घाबरत नव्हतं. खरं शिकवत तूच होतीस, हे मी तुला कधी म्हटलं नाही. आज म्हणते.

गेल्या वर्षी दुसरी नोटीस आली. उरलेल्या खळ्याची. तोवर तू अंथरूण धरलं होतंस. छातीत पाणी व्हायचं, बोलताना मध्ये थांबायचीस. मी नोटीस देवळात नेली आणि वाचली नाही. सुमनवहिनीच्या हातात दिली. तिला दीड तास लागला. तीन वेळा वाचली. पुरुषमंडळी कंटाळून उठून गेली, एक जण जाताना म्हणाला, "ह्येंचा परीक्षेक बसूचा ठरलाला दिसता." प्रत्येकीने आपल्या बोलीत काय समजलं ते सांगितलं. गंगूकाकी तर अगदी शेवटी म्हणाली, "म्हणजे अजून गेला नाय. आमका इचारतत." मी देवळामागे जाऊन तोंड धुतलं.

अर्ज त्यांनीच लिहिले. प्रत्येकीचा वेगळा. कोण किती वर्षं तिथे सुकवते, पावसाळ्यात घरात त्याच्यावर काय चालतं, कुंपण घातल्यापासून काय झालं. सुनावणीला ऑफिसात गेल्या, तिथे साहेबांनी विचारलं, हे कोणी लिहून दिलं? सुमनवहिनी म्हणाली, "आम्हीच लिहिलं साहेब. वाचून दाखवू?"

घरी येऊन मी तुला सगळं सांगितलं. तू डोळे मिटून ऐकत होतीस. मग विचारलंस, "शेवटापर्यंत वाचलात?"

मी हो म्हटलं. तू माझा हात धरलास. तेव्हा सांगायला हवं होतं, आते. तोंडापर्यंत आलं होतं. पण तुला दम लागत होता, आणि मी स्वतःची समजूत घातली की आता हिला त्रास कशाला. तुझी काळजी म्हणून गप्प बसले, असं मी सगळ्यांना सांगू शकते. तुला नाही. मला भीती वाटत होती.

त्यानंतर बावीस दिवसांनी तू गेलीस.

बाराव्याला धामापूरचे गुरुजी आले. ज्यांच्या दारात तू इतकी वर्षं पाटी उतरवत होतीस, ते. आता नव्वदीला टेकलेत, मुलाने गाडीतून आणलं. मी त्यांना कधी भेटले नव्हते. बाबांशी दोन शब्द बोलले, मग मला जवळ बोलावलं आणि विचारलं, "ती कॉलेजात जाणारी भाची तूच का?" म्हणाले, कुंपण घातलं त्याच्या पुढच्या आठवड्यात तुझी आते, पार्वती, एक कागद घेऊन आली. मासळी उतरवायच्या आधीच म्हणाली, गुरुजी, ह्यो शेवटापर्यंत वाचा. गुरुजींनी वाचला. सांगितलं की मुदत संपून गेली, आधी का नाही आणलास? तर ती म्हणाली, माजा चेडू कॉलेजात जाता, त्यान वाचललो कागद परक्याकडे तपासूक कसो आणू?

मी विचारलं, "आणि मग?"

गुरुजी म्हणाले, "मी तिला म्हटलं, तुझ्या भाचीने चुकीचं वाचलं गं. तर माझ्यावरच उखडली. म्हणाली, चुकीचा नाय, गुरुजी, अर्धा वाचल्यान. आणि ह्या कोणाक सांगू नकात. आयकला तर ता वाचूचाच सोडतला. मगे घरात दुसरा कोण आसा?"

म्हणजे तुला माहीत होतं. मी डब्यातून कागद काढला होता, तू दारात उभी राहून विचारलंस, काय वाचतंस गो, तेव्हा तुला माहीत होतं मी काय वाचते आहे. तू मला वाट करून दिली होतीस आणि मी "काय नाय" म्हटलं. आणि तू पाटी उतरवून हात धुवायला गेलीस.

त्या दिवसापासून मला नीट झोप नाही. तुझे उपकार मानू की तुझ्याशी भांडू, हे कळत नाही. दोन्ही करते. तू मला वाचवलंस. त्या वयात वाडीसमोर तोंडघशी पडले असते तर मी कॉलेज सोडलं असतं, हे तू बरोबर ओळखलंस. पण आते, खळं काय एकट्या तुझं होतं? त्या दोघी हॉटेलात भांडी घासायला गेल्या, त्यांना कळायला नको होतं का, की त्यांची जागा सरकारने जेवढी घेतली तेवढीच माझ्या मिरवण्याने गेली? तू माझी लाज राखलीस ती त्यांच्या अंधारावर. हे तुला कोणी बोललं नसेल, म्हणून मी बोलते. तू असतीस तर म्हणाली असतीस, "व्हय, चुकलंय. मगे?"  किंवा कदाचित तू असं म्हणाली नसतीस. कागदात नाही ते मी परत तुझ्या तोंडी घालते आहे. तू काय म्हणाली असतीस ते मला माहीत नाही. हे लिहायला किती जड जातं, ते आज कळलं.

तेराव्या दिवशी मी बायकांना देवळात बोलावलं आणि सांगितलं. सगळं. परिच्छेद, तीस दिवस, डबा, चौदा वर्षं.  गंगूकाकी म्हणाली, "आमी तरी खंय इचारला? एकट्या पारून इचारला, तर आमी हसलो." सभामंडपात हसलं होतं ते कोण, हे मला त्या दिवशी कळलं. सुमनवहिनी उठून गेली. तिची बहीण त्या हॉटेलात गेलेल्या दोघींपैकी एक. पुढे तीन आठवडे वहिनी माझ्याशी बोलली नाही. वाटेत भेटली तर मान फिरवून जायची. तिचं बरोबर होतं. मी तिला समजावायला गेले नाही.

तुझं वर्षश्राद्ध यायला अजून अवकाश आहे. लोक विचारतात, पेपरात फोटो द्यायचा का, खाली काय लिहायचं. जन्म कधी, किती शिकलेली, मागे कोण. मी म्हटलं, तसलं काही नको. तू काय होतीस ते अडीच ओळींत मावायचं नाही, आणि जे मावेल ते लोक वाचतील आणि पुढच्या फोटोकडे जातील.

काल ऑफिसातून पत्र आलं. शिपाई सेवा केंद्रात माझ्याकडेच देत होता, मी घेतलं नाही, वाडीत न्यायला सांगितलं. संध्याकाळी देवळात गेले तर बायका जमलेल्या होत्या आणि पत्र सुमनवहिनीच्या हातात होतं. तिने माझ्याकडे बघितलं आणि खांबाजवळ बसायची खूण केली. मग ती वाचायला लागली. सावकाश, बोट ठेवून, मध्ये थांबत, खालच्या सही-शिक्क्यापर्यंत. एकदा झाल्यावर परत पहिल्यापासून. मग पत्र पालथं मांडीवर ठेवलं आणि आपल्या शब्दांत सगळ्यांना सांगितलं. हरकती मान्य झाल्या आहेत. उरलेलं खळं रस्त्याच्या कामातून वगळलं आहे, आणि मासळी सुकवायची जागा म्हणून सरकारी नकाशात त्याची नोंद होणार आहे.

गेलेलं अर्धं परत मिळालेलं नाही. उरलेलं अर्धं राहिलं.